एमआरआय रिपोर्टमधला 'एडीसी'चा आकडा मशीननुसार का बदलतो? आणि तो तपासायला बर्फाचं पाणी कशाला लागतं?

समजा, स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू होण्याआधी एका बाईंचा एमआरआय शहरातल्या एका सेंटरवर झाला. तीन महिन्यांनी तिथे अपॉइंटमेंट मिळेना, म्हणून पुढचा स्कॅन दुसऱ्या सेंटरवर केला. पहिल्या रिपोर्टमध्ये गाठीचा 'एडीसी' १.० आहे, दुसऱ्यात १.१५. हा आकडा वाढणं ही सहसा चांगली बातमी असते. गाठीतल्या पेशी मरतायत, औषध लागू पडतंय, असा त्याचा अर्थ घेतला जातो.

पण ही वाढ गाठीतली आहे की दोन मशीनमधल्या फरकाची? नुसता रिपोर्ट वाचून याचं उत्तर कुणालाही देता येत नाही. अगदी डॉक्टरांनासुद्धा.

हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झालाय. एक कारण म्हणजे स्कॅनमधले आकडे मोजून निष्कर्ष सुचवणारं सॉफ्टवेअर आता रुग्णालयांमध्ये येऊ लागलंय. रेडिओलॉजिस्ट चित्र बघतो तेव्हा त्याचा अनुभव मशीनच्या चुका थोड्याफार सांभाळून घेतो. सॉफ्टवेअर आकड्यावर विश्वास ठेवतं. दुसरं कारण आपल्या जवळचं आहे. पवईला आयआयटी मुंबईच्या आवारात असलेली 'समीर' ही केंद्र सरकारची संशोधन संस्था १.५ टेस्लाचं देशी एमआरआय मशीन विकसित करतेय आणि मार्च २०२५ मध्ये त्याच्या चाचण्यांसाठी तिने दिल्लीच्या एम्सशी करार केला. नवं मशीन चित्र चांगलं काढतं का, हे डोळ्यांनी बघता येतं. ते आकडा बरोबर देतं का, हे तपासायची रीत मात्र वेगळी आहे.

आधी हा एडीसी म्हणजे काय ते बघू

पूर्ण नाव 'ॲपरंट डिफ्युजन कोइफिशंट'. शरीरातले पाण्याचे रेणू एका जागी स्वस्थ बसत नाहीत, सतत इकडेतिकडे भटकत असतात. या भटकण्याला डिफ्युजन म्हणतात. मोकळ्या पाण्यात रेणू लांबवर जातात. पेशींची दाटी असेल तिथे ते भिंतींवर आपटून अडकतात. कर्करोगाच्या गाठीत पेशी खेटून असतात, म्हणून तिथे एडीसी कमी येतो. पेशी मेल्या, जागा मोकळी झाली, की तो वाढतो.

हे भटकणं एमआरआय मोजतो कसं? शाळेतल्या पीटीच्या तासाची कल्पना करा. मुलं एका ओळीत समोर तोंड करून उभी आहेत. पहिली शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जागेच्या नंबरानुसार उजवीकडे वळायचं. पहिल्याने थोडं, दुसऱ्याने त्याहून जास्त, तिसऱ्याने आणखी जास्त. थोड्या वेळाने दुसरी शिट्टी. आता ज्या जागी उभे आहात त्या जागेच्या नंबराइतकं उलटं वळायचं. जे हलले नाहीत ते सगळे पुन्हा बरोब्बर समोर बघतील. मधल्या वेळात ज्यांनी जागा बदलली, त्यांची तोंडं भलतीकडे असतील. जितकी पळापळ जास्त, तितकी ओळ विस्कटलेली.

एमआरआयमध्ये शिट्टीच्या जागी 'ग्रेडियंट' असतो, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढत जाणारं चुंबकीय क्षेत्र. वळणारी मुलं म्हणजे पाण्यातले हायड्रोजनचे अणुकेंद्र. ओळ विस्कटली की सिग्नल कमी होतो आणि तो किती कमी झाला यावरून डिफ्युजन काढतात. स्टेस्कल आणि टॅनर या दोन शास्त्रज्ञांनी ही दोन ठोक्यांची पद्धत १९६५ मध्ये मांडली. फ्रान्सच्या डेनिस ल बिहान यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ती माणसाच्या मेंदूच्या चित्रांपर्यंत आणली.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. शिट्टी किती जोरात वाजवली, हे मशीनला आधीच सांगितलेलं असतं. त्याला 'बी व्हॅल्यू' म्हणतात. मेंदूच्या स्कॅनमध्ये ती साधारण १००० ठेवतात. मशीन धरून चालतं की आपण १००० दिली म्हणजे शरीरात सगळीकडे १०००च पोहोचली. एडीसीचं सगळं गणित या एका समजुतीवर उभं आहे.

मधोमध बरोबर, कडेला चूक

ही समजूत मशीनच्या मध्यभागी बऱ्यापैकी खरी असते. मध्यापासून दूर गेलं की ती ढळते.

ग्रेडियंट तयार करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांना, म्हणजे कॉइलला, सगळीकडे एकसारखा चढ देता येत नाही. बोगद्याच्या मधल्या भागात चढ सरळ असतो, कडांकडे तो वाकतो. ही कारागिरीतली हयगय नाही, केलेली तडजोड आहे. पूर्ण सरळ चढ हवा तर कॉइल लांबलचक करावी लागते, मग बोगदा लांब होतो आणि रुग्णाचा जीव घुसमटतो. शिवाय मोठ्या भागावरचं क्षेत्र झपाट्याने चालू-बंद केलं तर रुग्णाच्या नसांना झटके जाणवतात. म्हणून डिझाइन करणारे मधला भाग नीट ठेवतात आणि कडेचं थोडं सोडून देतात.

आता गणित बघा. बी व्हॅल्यू ग्रेडियंटच्या वर्गावर अवलंबून असते. ग्रेडियंट ५ टक्के जास्त पडला तर १.०५ गुणिले १.०५, म्हणजे बी व्हॅल्यू १० टक्क्यांनी जास्त. मशीनला हे माहीतच नाही. ते जुन्याच १००० ने भागतं आणि एडीसी १० टक्के फुगवून सांगतं. कमी पडला तर उलट. मध्यापासून बरंच दूर गेलं की अनेक मशीनवर ही चूक १० टक्क्यांच्याही पुढे गेल्याचं वेगवेगळ्या केंद्रांवरच्या तपासण्यांत दिसलंय. ती कुठल्या दिशेला वाढते आणि कुठल्या दिशेला घटते, हे कॉइलच्या बनावटीवर ठरतं. त्यामुळे दोन कंपन्यांच्या मशीनवर एकच गाठ दोन वेगळे आकडे देऊ शकते.

डोकं सहसा मधोमध असतं, त्यामुळे मेंदूच्या स्कॅनला याचा फटका कमी बसतो. स्तन मात्र दोन बाजूंना असतात, आणि कुणालाही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मशीनच्या मध्यावर झोपवता येत नाही.

१.५३ चा उंबरठा

ही चूक कागदावरची नाही, हे समजायला अमेरिकेतला एक अभ्यास उपयोगी आहे. एमआरआयवर संशयास्पद गाठ दिसली की बायोप्सी करतात आणि त्यातल्या बऱ्याच गाठी शेवटी निरुपद्रवी निघतात. सुई, खर्च आणि रिपोर्ट येईपर्यंतची धास्ती, हे सगळं त्या बाईच्या वाट्याला येतं. एडीसी बघून यातल्या काही बायोप्सी टाळता येतील का, हे 'ए-६७०२' नावाच्या बहुकेंद्री चाचणीने तपासलं. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की एडीसीची सीमारेषा १.५३ धरली, तर एकही कर्करोग न सुटता सुमारे २१ टक्के बायोप्सी टळल्या असत्या. (एकक चौरस मायक्रोमीटर प्रति मिलिसेकंद. या लेखातले एडीसीचे सगळे आकडे याच एककात आहेत.)

आता वरची १० टक्क्यांची चूक या सीमारेषेशेजारी ठेवा. गाठीचा खरा एडीसी १.४५ आहे, म्हणजे बायोप्सी हवी. मशीनने १० टक्के फुगवून १.६ दाखवला. बायोप्सी टळली. उलट बाजूने १.६ ची निरुपद्रवी गाठ १.४५ दिसली, तर नको असलेली सुई टोचली गेली.

याच क्षेत्रातली दुसरी चाचणी 'ॲक्रिन ६६९८'. केमोथेरपीचा परिणाम एडीसीवरून आधीच ओळखता येईल का, हा तिचा प्रश्न होता. दहा केंद्रांवरच्या २४२ रुग्णांच्या विश्लेषणातून २०१८ मध्ये उत्तर आलं : १२ आठवड्यांनंतरचा बदल काही प्रमाणात अंदाज देतो. 'काही प्रमाणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत, समाजमाध्यमांवरच्या 'स्कॅन सांगेल केमो लागू पडेल की नाही' छाप मथळ्यांत ते गळतात. याच चाचणीच्या निमित्ताने संशोधकांनी ग्रेडियंटच्या वाकडेपणाची दुरुस्ती करून पाहिली आणि आकडे सुधारतात, हे २०१५ मध्ये दाखवून दिलं.

बर्फाचं पाणी का?

वजनकाटा तपासायला प्रमाणित वजन लागतं. तसा डिफ्युजनचा 'प्रमाणित किलो' कुठून आणायचा? साधं पाणी घेतलं असतं, पण पाण्यातलं डिफ्युजन तापमानावर फार अवलंबून असतं. २० अंशांना ते साधारण २.० असतं, २५ अंशांना २.३. म्हणजे एका अंशाला अडीच टक्क्यांच्या आसपास फरक. एसीचा रिमोट कुणी हलवला की प्रमाणित किलो बदलला.

मिशिगन विद्यापीठातल्या थॉमस चेनेव्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर काढलेला उपाय इतका सोपा आहे की हसू यावं. पाण्याची नळी घ्यायची, ती बर्फ आणि पाणी भरलेल्या भांड्यात ठेवायची आणि आतलं पाणी गार होईपर्यंत थांबायचं. जोवर भांड्यात बर्फ शिल्लक आहे, तोवर तापमान शून्य अंश. ते निसर्गच सांभाळतो. शून्य अंशाला पाण्याचा आकडा १.१ येतो. हा आकडा गाठींच्या एडीसीच्या जवळपास असल्याने तपासणी कामाच्या पट्ट्यातच होते.

भांडं मशीनच्या मधोमध ठेवून स्कॅन केला आणि १.१ आला नाही, तर मशीनचं मूळ कॅलिब्रेशनच बिघडलंय. मग तेच भांडं थोडं थोडं कडेला सरकवत न्यायचं. आकडा जसजसा १.१ पासून दूर जाईल, तसतसा त्या मशीनचा वाकडेपणा समोर येतो. उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या 'आरएसएनए' या संघटनेने चालवलेल्या 'किबा' उपक्रमाने मध्यभागी ०.०४ पर्यंतची चूक चालेल अशी मर्यादा घातली. पुढे अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था 'निस्ट'च्या सहभागाने एक गोळा तयार झाला. त्याच्या आतल्या बाटल्यांमध्ये पीव्हीपी नावाचं पॉलिमर वेगवेगळ्या प्रमाणात पाण्यात मिसळलेलं असतं. पॉलिमर जास्त तितकं डिफ्युजन कमी, त्यामुळे एकाच स्कॅनमध्ये अनेक 'वजनं' तपासता येतात. त्याही गोळ्यात बर्फाचं पाणी भरतात.

दुरुस्ती माहीत आहे, मग अडतं कुठे?

इथे गोष्ट जरा चिडचिड करायला लावणारी आहे. कॉइल नेमकी कुठे किती वाकडी आहे, हे कंपनीला डिझाइनच्या वेळेपासून ठाऊक असतं. त्याच माहितीवरून मशीन चित्राचा आकार सरळ करून देतं. ती दुरुस्ती केली नाही तर चित्राच्या कडा ओढल्यासारख्या दिसतात आणि डॉक्टर लगेच तक्रार करतील. पण तीच माहिती वापरून प्रत्येक ठिकाणची खरी बी व्हॅल्यू काढणं आणि एडीसी सुधारणं, हे रोजच्या कामात बहुतेक ठिकाणी होत नाही. वाकडं चित्र दिसतं, वाकडा आकडा दिसत नाही.

संशोधकांनी स्वतः दुरुस्ती करायची म्हटली तर कॉइलच्या बनावटीची गुणांकं लागतात आणि ती कंपन्यांकडे व्यावसायिक गुपित म्हणून असतात. दुरुस्तीचं गणित २००३ पासून छापलेलं आहे, म्हणजे अडचण ज्ञानाची नाही. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा करणाऱ्या अमेरिकेच्या 'ह्युमन कनेक्टोम प्रोजेक्ट'ने हे करून दाखवलंय. त्यांच्या खास मशीनमध्ये डोकं मध्यापेक्षा थोडं वर येत होतं. त्यांनी मेंदूच्या प्रत्येक बिंदूवर ग्रेडियंट किती चुकला याची फाइल बनवली आणि डेटासोबत सगळ्यांना खुली केली.

मेंदूच्या स्कॅनची दुखणी वेगळी

डोकं मधोमध असलं तरी मेंदूचा डिफ्युजन स्कॅन इतर चुकांतून सुटत नाही. जुन्या वीज मीटरमधली ॲल्युमिनियमची फिरणारी चकती आठवते? बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत तयार होणाऱ्या 'एडी करंट'वर ती फिरायची. एमआरआयमध्येही ग्रेडियंटचे जोरदार ठोके पडले की मशीनच्या धातूच्या भागांत असेच प्रवाह उठतात आणि स्वतःचं वेगळं क्षेत्र तयार करतात. परिणामी प्रत्येक दिशेचं चित्र थोडं वेगळं ताणलं जातं, तिरकं होतं, सरकतं. अशी साठ-सत्तर चित्रं एकमेकांवर ठेवली की कडा जुळत नाहीत.

दुसरं दुखणं वेगाचं. हलणाऱ्या रेणूंना पकडायचं तर एक पूर्ण काप सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास टिपावा लागतो. ही वेगवान पद्धत पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्ये मांडली आणि एमआरआयवरच्या कामासाठी २००३ चं नोबेल त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासोबत मिळालं. वेगाची किंमत अशी की जिथे हवा आणि हाड मेंदूला टेकतात, म्हणजे नाकाच्या वर आणि कानाजवळ, तिथे चित्र ओढल्यासारखं विकृत होतं.

यावरची युक्ती छान आहे. तेच चित्र उलट्या दिशेने पुन्हा काढायचं. पहिल्यात भाग पुढे ओढला गेला असेल तर दुसऱ्यात तो तितकाच मागे जातो, आणि खरी जागा दोघांच्या मधोमध. ऑक्सफर्डमधल्या सॉफ्टवेअर संचात यासाठीचं साधन आहे, नाव 'टॉपअप'. (मोबाइल रिचार्जशी संबंध नाही.) एडी करंट आणि रुग्णाची हालचाल सुधारणारं त्याचं भावंड म्हणजे 'एडी'. संशोधनात ही दोन्ही आता जवळजवळ गृहीत धरली जातात.

हालचालीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरण ऑटिझमच्या संशोधनात आहे. स्वमग्न मुलांच्या मेंदूतल्या तंतूंमध्ये सर्वत्र बिघाड असतो, असे निष्कर्ष डिफ्युजन स्कॅनवरून बरेच आले होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने स्वमग्न आणि इतर मुलांचे असे स्कॅन निवडले, ज्यांत डोक्याची हालचाल सारखीच होती. सर्वत्र दिसणारा फरक गेला. उजवीकडचा एकच तंतुमार्ग वेगळा राहिला. म्हणजे जो फरक मेंदूचा म्हणून सांगितला जात होता, त्यातला बराचसा मशीनमध्ये चुळबुळ करण्यातला असू शकतो. ज्यांच्या मुलांच्या आजाराबद्दल हे लिहिलं गेलं, त्या पालकांसाठी ही तांत्रिक बाब नाही.

गोंगाटही चुकवतो. सिग्नल फार कमी झाला की यंत्रातला गोंगाट त्याला एका पातळीखाली जाऊ देत नाही आणि डिफ्युजन आहे त्याहून कमी दिसतं. यावरच्या २००४ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाच्या नावात चिरडलेल्या शेंगा आणि फोडलेले भोपळे आहेत. दिशेनुसार काढलेल्या डिफ्युजनच्या आलेखाचा आकार शेंगदाण्याच्या शेंगेसारखा असतो, आणि गोंगाट तो चेपतो.

मग पक्षाघातात काय? तिथे घाबरायचं कारण कमी आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला भाग डिफ्युजन स्कॅनवर लवकर आणि ठळक पांढरा दिसतो, तो ओळखायला दशांशाची गरज नसते. झोपेतून उठल्यावर पक्षाघात लक्षात आलेल्या रुग्णांना गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं का, हे २०१८ च्या 'वेक-अप' चाचणीत अशाच दोन चित्रांच्या तुलनेवरून ठरवलं गेलं. सॉफ्टवेअरने 'मृत' भागाचं आकारमान मोजायचं असेल, तर मात्र ०.६२ सारखी सीमारेषा वापरली जाते आणि आकडा पुन्हा महत्त्वाचा होतो.

किती बदल झाला तर तो खरा मानायचा?

मशीन, पद्धत आणि रुग्ण तेच असले तरी एडीसी दोनदा तंतोतंत सारखा येत नाही. 'किबा'ने यासाठी उंबरठे दिलेत. मेंदूत ११ टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाला तर तो खरा बदल आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. स्तनात १३ टक्के, यकृतात २६ आणि प्रोस्टेटमध्ये तब्बल ४७ टक्के. प्रोस्टेटचा एडीसी ०.८ वरून ०.९ झाला म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटण्यात अर्थ नाही.

सुरुवातीच्या उदाहरणात १.० चा १.१५ झाला होता, म्हणजे १५ टक्के. स्तनासाठीच्या १३ च्या वर. पण हे उंबरठे एकाच मशीनवरच्या स्कॅनसाठी आहेत. त्या मशीनचा वाकडेपणा दोन्ही वेळा साधारण सारखाच असतो, म्हणून टक्केवारी काढताना तो बराचसा वजा होतो. मशीन बदललं की ही सोय गेली, आणि १५ टक्क्यांतले किती गाठीचे हे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात हे रोज घडण्यासारखं आहे. उपचार मुंबईत, फॉलोअपचा स्कॅन घराजवळच्या शहरात, कारण प्रत्येक वेळी प्रवास आणि राहण्याचा खर्च परवडत नाही. दोष रुग्णाचा नाहीच. जमत असेल तर पुढचा स्कॅन त्याच मशीनवर करावा. जमत नसेल तर डॉक्टरांना मशीन बदलल्याचं सांगावं आणि फिल्म किंवा छापील रिपोर्टवर न भागवता स्कॅनची सीडी मागून घ्यावी, कारण बी व्हॅल्यू, मशीनचं मॉडेल ही माहिती त्या फाइलींमध्ये असते. एडीसी हा गाठीचा आकार, इतर चित्रं आणि बायोप्सी यांच्यासोबत वाचायचा आकडा आहे. एकट्या एडीसीवर औषध बदलण्याचा निर्णय होत असेल, तर प्रश्न विचारायला संकोच करू नये.

सेंटरच्या बाजूने काय? एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाचे क्ष-किरण यंत्रांचे नियम त्याला लागू होत नाहीत. एडीसी तपासण्याची शिस्त मुख्यतः त्या त्या सेंटरच्या आणि कंपनीच्या इच्छेवर राहते. बर्फ, पाणी आणि मशीनचा थोडा वेळ, इतकाच खर्च. यातली महाग गोष्ट मशीनचा वेळ आहे, कारण तेवढ्यात एक रुग्ण होतो.

देशी मशीनला इथे एक संधी आहे. आयात मशीनच्या कॉइलची गुणांकं परदेशातल्या कंपनीकडे असतात. आपल्याकडे बनलेल्या कॉइलची ती आपल्याकडेच असतील. मशीन बाजारात येण्याआधीच बी व्हॅल्यूची दुरुस्ती त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि बर्फाच्या भांड्याचे आकडे, मधले आणि कडेचे दोन्ही, चाचण्यांच्या अहवालात जाहीर करायचे, हे तेव्हा करणं सोपं आहे. शेकडो रुग्णालयांत मशीन बसल्यावर ते अवघड होतं.